लेबल धुतलेली तबकडी

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातला डीजे कूल हर्क नवी तबकडी घरी आणली की तिचं लेबल पाण्यात भिजवून काढून टाकायचा. मधला कागद गेला की गाणं कोणतं, गायलं कोणी, कंपनी कोणती, हे मागून वाकून बघणाऱ्या दुसऱ्या डीजेला कळायला मार्ग नसे. धंद्याचं गुपित होतं ते. आपल्याकडचा लग्नातला आचारी मसाल्याचं प्रमाण सांगत नाही, त्यातलाच प्रकार. कोलंबियाच्या कार्ताहेना शहरात 'पिको' नावाचे भडक रंगांनी रंगवलेले स्पीकर घेऊन आफ्रिकेतल्या तबकड्या वाजवणारेही हेच करत. लेबल खरवडायचं, आणि गाण्याला आपल्या मनाचं नाव ठेवायचं. उत्तर इंग्लंडमधल्या सोल संगीताच्या क्लबांत तर लेबलावर कागद चिकटवून चक्क खोटं नाव लिहिलेलं असे. तीन देश, दोन भाषा, युक्ती एकच.

हे पुस्तक डीजे, इलेक्ट्रॉनिक संगीत आणि हिपहॉप यांवर लघु माहितीपट करू पाहणाऱ्यांसाठी आहे. प्रस्तावना लिहायला घेतली तेव्हापासून माझ्या डोळ्यांसमोर ती धुतलेली तबकडीच येते आहे. डीजेनं लेबल धुतलं, कारण त्याला त्या रात्री गर्दी आपल्याकडे राखायची होती. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण लेबलं धुण्याची सवय पुढे या सगळ्या संगीताच्या इतिहासालाच लागली. ढोलकीचा ठेका राहिला, वाजवणारा गेला. पार्टी राहिली, ती भरवणारी मुलगी गेली. माहितीपट करणाऱ्याचं काम मला याच्या उलट दिशेचं वाटतं. त्यानं ते लेबल पुन्हा लिहायचं असतं, आणि खरं लिहायचं असतं.

आपल्याकडे तर 'डीजे' हा शब्दच माणसापासून सुटून गेला आहे. डीजे आणला, डीजे लावला, पोलिसांनी डीजे बंद पाडला. सातारा-सांगली-कोल्हापूरकडे त्यालाच डॉल्बी म्हणतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेल्या बेसच्या पेट्या, मागे धडधडणारा जनरेटर, वरून शार्पी दिव्यांचे झोत, आणि या सगळ्याच्या पोटात कुठेतरी लॅपटॉपपुढे बसलेला वीस-बावीस वर्षांचा मुलगा. स्पीकरच्या या भिंतीचं नाव गावाला पाठ, मुलाचं नाव मंडळाच्या कार्यकर्त्यांनाही धड ठाऊक नसतं. जमैकात शब्दांची वाटणी आणखी निराळी आहे. तिथे तबकडी वाजवतो तो 'सिलेक्टर' आणि माइक हातात घेऊन बोलतो तो 'डीजे'. ही वाटणी लक्षात ठेवली की हर्कची गोष्ट नीट उलगडते, कारण तो मूळचा किंग्स्टनचा. क्लाइव्ह कॅम्पबेल हे त्याचं नाव. १९६७ साली, बारा वर्षांचा असताना, तो घरच्यांकडे अमेरिकेत आला. रस्त्यावर स्पीकर मांडून माइकवरून बोलत गाणी वाजवण्याची किंग्स्टनची रीत त्यानं लहानपणी पाहिलेली होती.

११ ऑगस्ट १९७३ ही तारीख हिपहॉपचा जन्मदिवस म्हणून जगभर साजरी होते. ब्राँक्समधल्या १५२० सेजविक अ‍ॅव्हेन्यू या इमारतीतली एक खोली, आणि हर्कची पार्टी. पण पार्टी हर्कची नव्हतीच. ती त्याच्या धाकट्या बहिणीची, सिंडी कॅम्पबेलची होती. शाळा सुरू होणार होती, तिला नवे कपडे घ्यायचे होते, म्हणून तिनं खोली भाड्यानं घेतली, हातानं चिठ्ठ्या लिहून वाटल्या, मुलींना २५ सेंट आणि मुलांना ५० सेंट तिकीट लावलं, आणि संगीताला भावाला बसवलं. म्हणजे हिपहॉपच्या पहिल्या पार्टीचा हिशेब एका शाळकरी मुलीच्या हातात होता. हर्कवर तासतासभराचे माहितीपट झाले, आणि त्यांत सिंडीच्या वाट्याला बहुतेकदा दोन-चार वाक्यं येतात. तिकिटाचे दर, खोलीचं भाडं, खाण्यापिण्याची व्यवस्था, एवढ्यावर दहा मिनिटांचा सुंदर लघुपट होऊ शकतो. हिशेबाची वही हा माहितीपटासाठी फार चांगला विषय आहे.

हर्कनं त्या काळात केलं ते तांत्रिकदृष्ट्या साधं होतं. नाचणारी मुलं गाण्यातल्या एका जागेची वाट बघत थांबतात, हे त्यानं हेरलं. गायक गप्प होतो, बाकीची वाद्यं थांबतात, आणि उरतो तो नुसता ड्रम. त्या जागेला 'ब्रेक' म्हणतात. ती काही सेकंदांत संपते. हर्कनं एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवल्या. एकीवरचा ब्रेक संपला की दुसरीवरचा सुरू, तोवर पहिली मागे. काही सेकंदांची जागा काही मिनिटांची झाली. आपला ढोलकीवाला लावणीत एक तोडा रंगला की तोच पुन्हा घेतो, तसं हे तबकडीवर घडलं. पुढे ग्रँडमास्टर फ्लॅशनं त्याला गणिताची शिस्त लावली. जोसेफ सॅडलर हे त्याचं नाव, जन्म बार्बाडोसचा, शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचं. ब्रेक नेमका कुठे सुरू होतो ते कळावं म्हणून तो तबकडीवर मेणखडूनं खूण करायचा, म्हणजे सुई कुठे न्यायची ते नजरेनंच समजे.

फ्लॅशचं नाव निघालं की मला 'वाइल्ड स्टाइल' आठवतो. चार्ली एहर्न यांचा १९८३ चा चित्रपट. कथापट असूनही त्यात खरी माणसं स्वतःच्याच भूमिकेत आहेत. त्यात एका स्वयंपाकघरात फ्लॅश टर्नटेबल मांडून वाजवतो. कोणी समजावून सांगत नाही. कॅमेरा हातांवर. काही मिनिटांत सगळं कळतं. लघु माहितीपट कसा असावा हे शिकवायला बसलो की मी आधी एवढंच दाखवतो. ज्या खोलीत घरची भांडी घासली जातात, तिथेच एक माणूस नवं वाद्य घडवतो आहे, हे त्या दृश्यातून जसं पोचतं तसं कुठल्याही निवेदनातून पोचणार नाही.

या विषयाला लघुपटच का शोभतो, असं मला अनेक जण विचारतात. माझं उत्तर असं, की डीजेची करामत सेकंदांत घडते, आणि सेकंदांशी इमान राखायचं तर लांबी आखडावी लागते. याचं सर्वांत चोख उदाहरण म्हणजे 'एमेन ब्रेक'. १९६९ साली द विन्स्टन्स या वॉशिंग्टनच्या बँडनं एक तबकडी काढली. पहिल्या बाजूचं गाणं गाजलं. मागच्या बाजूला 'एमेन, ब्रदर' नावाचं वाद्यसंगीत होतं, आणि त्याच्या मध्यावर ग्रेगरी कोलमन यांनी एकट्यानं वाजवलेला चार आवर्तनांचा ड्रम. सहा-सात सेकंद, बस. सॅम्पलर नावाचं यंत्र आल्यावर हे तुकडे कापून, वेग वाढवून, उलटेसुलटे जोडून हजारो गाणी झाली. अमेरिकेतलं हिपहॉप आणि इंग्लंडमधलं जंगल, ड्रम अँड बेस यांच्या अंगात हेच रक्त आहे. कोलमन यांना त्यातून काहीच मिळालं नाही. २००६ साली हलाखीतच ते गेले. बँडचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांना १९९६ पर्यंत या प्रकाराचा पत्ताही नव्हता. २०१५ मध्ये श्रोत्यांनीच वर्गणी काढून त्यांना सुमारे २४ हजार पौंड दिले.

नेट हॅरिसन यांनी २००४ साली यावर सुमारे अठरा मिनिटांची कलाकृती केली. तिच्या चित्रफितीत दिसते ती फक्त टर्नटेबलवर फिरणारी तबकडी, आणि निवेदन त्या तबकडीतूनच ऐकू येतं. मुलाखत नाही, जुनी छायाचित्रं नाहीत, रस्त्यावरची गर्दी नाही. शेवटी हिशेब लागतो, की सहा सेकंदांवर एवढा डोलारा उभा आहे आणि तो कोणाच्या मालकीचा हा प्रश्न अजून सुटलेला नाही. पैसे नाहीत म्हणून माहितीपट होत नाही असं म्हणणाऱ्यांनी हे जरूर पाहावं.

मुंबईतही अशी एक तबकडी होती. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदातले जुनेजाणते वादक. १९८२ मध्ये त्यांनी 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट' नावाची तबकडी केली. रोलंड कंपनीची तीन यंत्रं, म्हणजे बेससाठी टीबी-३०३, तालासाठी टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, आणि त्यांवर दहा राग. ३०३ मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. हे यंत्र बेस गिटारची जागा भरायला केलेलं; रागाच्या वाटेनं गेल्यावर ती घसरण मींडेच्या जवळ गेली. तबकडी त्या काळात चालली नाही. पुढे एका डच संग्राहकाला ती सापडली, त्यानं सिंग यांना मुंबईत शोधून काढलं, २०१० साली ती पुन्हा निघाली, आणि सत्तरीतले सिंग युरोपातल्या तरुण गर्दीपुढे तेच राग वाजवू लागले. २०१५ मध्ये ते वारले.

इथे माहितीपट करणाऱ्यासाठी एक खड्डा आहे. 'अ‍ॅसिड हाउसचा जनक मुंबईचा' असा मथळा जगभर फिरला. ऐकायला छाती फुगते. पण शिकागोत फ्यूचर या त्रिकुटानं १९८७ मध्ये 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' काढलं, ते सिंग यांची तबकडी ऐकून केलेलं नव्हतं. बाजारात पडलेलं तेच ३०३ यंत्र त्यांनी जुन्या मालात स्वस्तात घेतलं आणि त्याची बटणं फिरवत बसले. दोन शहरांत, दोन कारणांनी, एकाच यंत्रातून दोन गोष्टी निघाल्या. माझ्या मते ही गोष्ट 'जनक' या बिरुदापेक्षा कितीतरी मोठी आहे. लेबल पुन्हा लिहायचं म्हणजे त्यावर आपल्या आवडीचं नाव लिहायचं असं नाही.

अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली मूग सिंथेसायझर आला होता आणि गीता साराभाईंसारख्या माणसांनी त्यावर काम केलं होतं, हेही कित्येक दशकं फितींच्या खोक्यात पडून होतं. पॉल पुर्गास यांनी ते धुंडाळलं आणि आधी त्यावर नभोवाणीचा माहितीपट झाला, मग संगीत प्रसिद्ध झालं. क्रम लक्षात घ्या. कधीकधी माहितीपट आधी येतो आणि त्याच्या मागून संगीत येतं.

मेक्सिको सिटीच्या वस्त्यांमधले 'सोनिदेरो' मला फार जवळचे वाटतात. हे डीजे कुंबिया हे नाचाचं संगीत वाजवता वाजवता माइकवरून नावं वाचतात. नाचायला आलेले लोक कागदावर, पुठ्ठ्यावर, आता मोबाइलवर नावं लिहून वर धरतात. अमुक गल्लीतल्या अमुकला नमस्कार, शिकागोत मजुरीला गेलेल्या भावाला नमस्कार. मग त्या कार्यक्रमाची फीत सीमेपलीकडे जायची, आणि परदेशात भांडी घासणाऱ्या माणसाला आपलं नाव आपल्या गल्लीच्या संगीतावर ऐकू यायचं. तमाशात आणि लग्नातल्या ऑर्केस्ट्रात बक्षीस देणाऱ्याचं नाव पुकारतात ते ऐकत वाढलेल्या आपल्या कानांना हे चटकन कळतं. त्याच देशातल्या मोंतेरेत गाब्रिएल दुएन्येस यांच्या टर्नटेबलची मोटर एका लांबलेल्या रात्री तापली, तबकडी हळू फिरू लागली, आणि लोकांना ती संथ, जडावलेली कुंबियाच आवडली, असं सांगतात. त्यातून 'रेबाखादा' हा प्रकार रुजला. तिकडे टांझानियाच्या दार एस सलाममध्ये 'सिंगेली' मिनिटाला दोनशे-तीनशे ठोक्यांनी पळतं. एकीकडे बिघडलेली मोटर, दुसरीकडे अंगात आलेला वेग. या दोन टोकांच्या मधल्या शंभर गावांत आज कोणीतरी घरच्या संगणकावर नवा ठेका रचत असणार.

गोव्यात मात्र माहितीपटांनी निराशा केली आहे. हणजुणेच्या किनाऱ्यावरच्या ट्रान्स पार्ट्यांवर पुष्कळ चित्रीकरण झालं. उन्हात तबकड्या वाकतात म्हणून तिथले डीजे कॅसेटी आणि पुढे डॅट फिती वाजवत, वगैरे तपशील त्यातून कळतात. पण त्या रात्रभर वाळूत चटया अंथरून, कंदील लावून चहा-ऑम्लेट विकणाऱ्या स्थानिक बायका त्यांत फक्त पार्श्वभूमीला दिसतात. तिथलं संगीत पहाटेपर्यंत सर्वांत जास्त शुद्धीत ऐकलं असेल तर त्यांनी. त्यांच्या कोकणीत ते ऐकायला मी कधीचा थांबलो आहे.

महाराष्ट्रातल्या हिपहॉपबाबत लघुपटानं स्वतःचं काम वेळेवर केलं. २०१९ मध्ये 'गली बॉय' हा चित्रपट आला, त्याच्या पाच वर्षं आधी दिशा रिंदानी यांनी नेझी या कुर्ल्याच्या रॅपर मुलावर 'बॉम्बे ७०' केला होता. सत्तर म्हणजे त्या भागाच्या पिनकोडातले शेवटचे आकडे. नेझीनं स्वतःचा पहिला व्हिडिओ आयपॅडवर केलेला. मोठा पडदा तिथे उशिरा पोचला. आता मराठीतही खूप काही घडतं आहे. 'स्वदेशी' या चमूनं मुंबईतल्या आरेच्या जंगलासाठी तिथल्याच प्रकाश भोईर यांच्या साथीनं 'वारली रिव्होल्ट' केलं. अमरावतीचा हंड्रेडआरबीएच त्याच्या मुलखाच्या बोलीत रॅप करतो. २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं 'तांबडी चामडी' हॉलंडच्या स्पिनिन या कंपनीनं काढलं, आणि हाउस संगीतावर मराठी शब्द परदेशातल्या मैदानांवर वाजले. हे चित्रित करताना एक विनंती. वऱ्हाडी बोलणाऱ्याच्या तोंडाखाली पुण्याच्या पुस्तकातली मराठी छापू नका. बोली तशीच लिहा, बघणारा समजून घेतो.

कामाचं थोडं सांगतो, कारण माझी हयात ध्वनिमुद्रणात गेली. डॉल्बीपुढे कॅमेऱ्याचा माइक घेऊन उभं राहिलात तर आवाज फाटणार, आणि फाटलेला आवाज नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरनं पूर्ववत शिवता येत नाही. दोन मुद्रणं करा. एक मिक्सरमधून तारेनं घ्या, दुसरं गर्दीच्या पलीकडून, पातळी बरीच खाली ठेवून. पहिल्यात संगीत मिळेल, दुसऱ्यात गाव. जमलं तर तिसरा लहान माइक डीजेच्या हातांजवळ ठेवा. फेडरची टकटक, बटणाचा खटका, 'अरे वायर बघ' असं दबक्या आवाजातलं ओरडणं, हे सोनं आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, तेव्हा शटर एक-पन्नासांशावर ठेवलं तर ट्यूबलाइट आणि बरेचसे दिवे कमी लुकलुकतात. लेझरचा झोत थेट लेन्समध्ये गेला तर कॅमेऱ्याचा सेन्सर जळू शकतो. तुमचे डोळेही सांभाळा. मुलाखत त्या रात्री घेऊच नका. दुसऱ्या दिवशी दुपारी, पेट्या उतरवून पोरं सावलीत बसलेली असतात, घसे बसलेले असतात, तेव्हा खरं बोलणं होतं.

परवानग्यांचा भाग कंटाळवाणा आहे, पण त्यावाचून फिल्म घरातच राहते. पार्श्वभूमीला एखादं गाणं वाजत असेल तर हक्क दोन असतात, गाण्याच्या रचनेचा आणि त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा, आणि बहुधा दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी मागावे लागतात. त्यापेक्षा डीजेला त्याचा स्वतःचा ठेका रचायला सांगा आणि तो रचतानाच चित्रित करा. फिल्मही चांगली होते.

आणि खिडकीच्या आतलं घर विसरू नका. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. मिरवणुकीत ती किती पाळली जाते हे आपण सगळे जाणतो. भिंत वाजत असताना आत उशी कानावर धरून पडलेल्या आजी, तान्हं बाळ, बायपास झालेले काका. माझं या संगीतावर प्रेम आहे, म्हणूनच सांगतो, की त्या घरात बसून घेतलेलं एक लांब दृश्य ज्यात नाही तो डॉल्बीवरचा माहितीपट अर्धाच राहतो.

एक आठवण सांगितल्याशिवाय मला ही प्रस्तावना संपवता येणार नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका मिरवणुकीचं ध्वनिमुद्रण केलं. डॉल्बीच्या पुढे एक बेंजो पार्टी चालत होती, आणि बेंजो वाजवणाऱ्यानं थांब्यावर पाणी पिता पिता मला विचारलं, "साहेब, नाव येणार का आमचं?" मी हो म्हणालो. त्यांचं नाव मी लिहून घेतलं नाही. फिल्ममध्ये त्यांचा बेंजो साडेतीन मिनिटं वाजतो, आणि श्रेयनामावलीत 'पारंपरिक' एवढाच शब्द आहे. पुढे दोनदा त्या गावी जाऊन विचारलं. पार्टी मोडली होती, कोणी धड सांगू शकलं नाही. तीच चाल नंतर एका रीमिक्समध्ये माझ्या कानांवर आली. त्यात दर अर्ध्या मिनिटाला रीमिक्स करणाऱ्या डीजेचं नाव घुमत होतं. तो मुलगा चुकला असं मी म्हणणार नाही, त्याला विचारायला नावच उरलं नव्हतं. ते माझ्याकडून हरवलं होतं.

म्हणून हे पुस्तक वाचून झाल्यावर एकच करा. पहिल्या दिवशी चित्रीकरणाला जाताना कॅमेऱ्याच्या पिशवीत एक वही टाका. डीजे, बेंजोवाला, हलगीवाला, जनरेटर सांभाळणारा, ट्रॅक्टरचा ड्रायव्हर, पेट्या चढवणारी पोरं, यांची नावं त्यांनाच लिहायला सांगा, त्यांच्या हातानं, त्यांच्या शुद्धलेखनात. मग कॅमेरा सुरू करा.